पुलर तुझ्याकडेच आहे

कोल्हापूर
रविवार दुपार

प्रिय दिल्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. सगळे बरे आहोत. आईची शुगर होती तिथंच आहे, माझ्या गुडघ्याचं सांगण्यासारखं काही नाही. तू फोन करत राहिलास आणि मी घेतले नाहीत. दर वेळी संगीता सांगायची, "अंघोळीला गेलेत." एवढ्या अंघोळी हा कधीपासून करायला लागला, असं तू म्हणालास म्हणे. फोन का घेत नव्हतो ते सांगतो, पण आधी वॉशिंग मशीनचं ऐकून घे. दोन्ही एकच भानगड आहे, आणि ती दुसऱ्या कुणाला सांगितली तर म्हणेल, रिटायर झाला आणि डोक्यावर परिणाम झाला.

आमचं पुढच्या दाराचं मशीन तुला आठवत असेल. नवीन आणलं तेव्हा काचेतून आत बघत तू पाटावर बसून राहिलास आणि संगीतानं चहा तिथंच आणून दिला होता. उन्हाळ्यात ते स्पिनला घरघरायला लागलं. आधी वाटलं पाय हलले असतील, लेव्हल केलं. मग वरच्या काकूंनी विचारलं, पिठाची गिरण टाकलीत का म्हणून. दार उघडून ड्रम कडेला धरून वर उचलला, तर आत खटखट. मागचा पत्रा काढला तर पुलीखाली गंजाचा ओघळ. बेअरिंग गेलं, आणखी काय!

तरी संगीताच्या समाधानासाठी कंपनीचा पोरगा बोलावला. निदान त्यानं बॅग न उघडता बरोबर केलं, पण पुढं म्हणाला, बेअरिंग सुटं मिळत नाही, अख्खा टब बदलायचा, साडेअकरा हजार. मी विचारलं, टब बोल्टचा आहे का चिकटवलेला? काही मशीनात टबाचे दोन अर्धे कारखान्यातच जोडून बंद करतात, मग करवतीनं कापल्याशिवाय आत जाता येत नाही. आमचा बोल्टचा आहे, बॅटरी मारून मी आधीच बघून ठेवलं होतं. सरकारनं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलंय, त्यात घरगुती यंत्रंही येतात, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, मला संध्याकाळपर्यंत आणखी पाच घरं करायची आहेत." त्याचंही खरंच. बंगळुरूहून ओंकारचा निरोप आला, नवीन घ्या, हप्ते मी भरतो. हप्ते तो भरणार आणि दर दिवाळीला ते ऐकून मी घेणार!

प्लग काढला, नळ बंद केला आणि गॅलरीत काम मांडलं. वरचा पत्रा, साबणाचा खण, पुढचं पॅनेल, दाराच्या रबराची तार, दाराचं लॉक. प्रत्येक वायर काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. तू कॉलेजात वायरींना रंगीत दोरे बांधायचास त्यावर मी हसायचो, ते माझं हसणं अजून कायम आहे, फोटो जास्त बरे. मग सिमेंटचे ठोकळे. ते वजन मशीन नाचू नये म्हणून असतं, पण उचलताना कळतं की नाचायची पाळी आपली आहे. हीटरच्या वायरी, प्रेशरची नळी, खालचे शॉकॉप, वरच्या स्प्रिंगा, मग टब उचलून चादरीवर.

ड्रमचा दांडा बेअरिंगातून निघेना. इथं तुझी आठवण आली आणि येताना शिवी घेऊन आली. दांड्यावरून बेअरिंग ओढून काढायचा तीन पायांचा पुलर! तू म्हणतोस तो वर्कशॉपात राहिला. वर्कशॉप मी स्वतःच्या हातानं झाडून रिकामं केलंय. तिथं तुझी एका पायाची चप्पल निघाली, तुझ्या हातचं उधारीचं पुस्तक निघालं, पुलर नाही निघाला. पुलर तुझ्याकडेच आहे, मोशीच्या माळ्यावर कुठल्या तरी खोक्यात. शेवटी पुलीचा बोल्ट अर्धा परत लावला, आटे बिघडू नयेत म्हणून, त्यावर लाकडाचा ठोकळा धरला आणि ठोकून दांडा बाहेर काढला.

टब आणि ड्रमच्या मध्ये काय काय निघालं सांगू? आठ आण्याचं नाणं, साडीपिना, ब्लाउजचे हुक आणि ओंकारच्या शाळेचा बिल्ला. त्या बिल्ल्यापायी पोरानं मार खाल्ला होता. फोटो पाठवला त्याला, उत्तर नाही.

बेअरिंगं दोन. मोठं ६२०६ नंबरचं ड्रमच्या बाजूला, धाकटं ६२०५ पुलीच्या बाजूला. मोठ्याचं ग्रीस पार धुऊन गेलेलं, गोळ्या तांबड्या. सील फाटलं की पाणी आधी मोठ्यात शिरतं. ड्रमच्या मागचा तीन पायांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर साबणानं पांढरा पडलाय, पण तडा नाही. तडा असता तर मीही नवीन मशीनला हो म्हटलं असतं. उद्यमनगरात गेलो. आपल्या टपरीच्या जागी आता फोनची कव्हरं विकतात. बेअरिंगवाला तोच, केस काळे करून बसलाय. तुझी चौकशी केली त्यानं, तुझी काही बाकी आहे का असं मी विचारलं नाही. मी रबरी झाकणाचं घेतलं. ओरडू नकोस! तुझं ते पत्र्याच्या झाकणाचं पुराण मला पाठ आहे, पण ड्रम हजार-बाराशे फेऱ्यांवर फिरतो, तो काही ग्राइंडर नाही. इथं भीती उष्णतेची नाही, पाण्याची आहे. दोन बेअरिंगं आणि सील मिळून हजाराच्या आत. कुठं साडेअकरा हजार!

बेअरिंगं रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली, आकसावीत म्हणून. सकाळी आईनं डबा उघडला आणि विचारलं, हे उपासाला चालतं का रे? टबाची जागा संगीताच्या केस वाळवायच्या मशीननं गरम केली आणि ठोकताना फक्त बाहेरच्या कड्यावर ठोकलं. आतल्या कड्यावर ठोकलं तर गोळ्यांचे वण पडतात, हे सरांनी पट्टीनं शिकवलेलं हातात अजून आहे. सीलच्या ओठाला पाण्यात न धुपणारं ग्रीस. उलट्या क्रमानं सगळं परत. दाराच्या रबराची तार बसवताना संगीता एका बाजूनं धरायची, मी दुसऱ्या बाजूनं ओढायचो, आणि लग्नात मानपानावरून राहिलेलं सगळं त्या वेळी निघालं.

मशीन लावलं. स्पिनला हात ठेवला, आत काही नाही. वरच्या काकू खाली बघायला आल्या, बंद आहे का म्हणून. त्या दिवशी मी जेवताना शिट्टी वाजवत होतो म्हणे.

आणि मग खरी शिट्टी सुरू झाली.

कपडे काढून घेतले, मशीन बंद झालं, की एक बारीक शीऽऽ असा आवाज. वाटलं, इनलेट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल, पाणी फटीतून जात असेल. त्याची कॉइल मीटरवर बघितली, चार हजार ओहमच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. तरी व्हॉल्व्ह बदलला. आवाज तसाच. मग ड्रेन पंप. त्याच्या पंख्यात केसांचा गुंता होता, म्हटलं हाच चोर. पंपही नवीन. आवाज तसाच. मग नळाचा वायसर, मग मशीनमागचं प्लगचं पॉइंट. संगीता म्हणायची, मला काही ऐकू येत नाही. मी म्हणायचो, तुला फेटलिंग शॉपचा, म्हणजे कास्टिंग घासायच्या खात्याचा, अनुभव नाही, कान तयार लागतो. रात्री उठून जायचो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पत्र्याला आणि मूठ कानाला, तशीच आपली जुनी पद्धत. प्रत्येक पार्टाला लावून बघितलं. शिट्टी सगळीकडे सारखीच येत होती, कमी नाही की जास्त नाही. शहाण्या माणसाला तिथंच कळलं असतं.

पावसात एका रात्री गल्लीची लाइट गेली. मशीन बंद, फ्रीज बंद, पंखा बंद. नळाला पाणी नव्हतंच. मी अंधारात मशीनच्या अंगाला कान लावून बसलो होतो आणि शिट्टी चालू होती. उठून गॅलरीत गेलो, माझ्याबरोबर आली. जिन्यात गेलो, तिथंही आली.

मी घाबरलो नाही असं लिहिणार होतो, पण तू वाचून हसशील. घाबरलो. मग हसूही आलं. व्हॉल्व्ह, पंप, वायसर, सगळं नवीन घालून बसलो आणि बिघाड माझ्याच खोक्यात!

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या पेटीत बसवतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. कागदावर रेघ निघाली, ती सरळ चालत येते आणि ४००० हर्ट्झवर खड्ड्यात पडते, दोन्ही कानांची. बाईंनी रेघ बघूनच विचारलं, कारखान्यात होता का? कास्टिंग ग्राइंडिंग म्हटल्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही. व्हॉल्व्हची कॉइलही चार हजार आणि कानाचा खड्डाही चार हजार, हा विनोद त्यांना सांगितला, त्या हसल्या नाहीत. तू हसशील म्हणून लिहितोय. गेलेलं परत येत नाही, शिट्टीची सवय होते, मशीन लावायचं का ते बघू, एवढं म्हणाल्या. कानाचं मशीन.

फोनचं हे असं आहे बघ. जाड आवाज ऐकू येतात, बारीक निसटतात. स, श, फ गळून पडतात. समोर माणूस असला की ओठांवरून भागतं. फोनवर, त्यात तू, तोंडात तंबाखू आणि बोलणं एक्स्प्रेस. मागच्या फोनला मी तुला हो हो, छान छान म्हणत होतो. नंतर संगीतानं सांगितलं, तू वहिनींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत होतास.

फेटलिंगमध्ये आपण कानात कापूस घालायचो आठवतं? तोही सुपरवायझर येणार असला तर. नियम आठ तासांना ९० डेसिबलचा, आणि आपण एकमेकांच्या कानात ओरडून डब्यात काय आहे ते विचारायचो. तू ते सोडून असेंब्लीला चाकणला गेलास तेव्हा गेटवर मी तुला जे बोललो, ते परत लिहीत नाही. बायकांचं काम करायला चाललास, हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य होतं. तुझे कान शाबूत आहेत, याचा मला आज राग यावा की आनंद व्हावा, हे अजून ठरलेलं नाही.

पण दिल्या, माझी काळजी शिट्टीची नाही. शिट्टीला मी सांभाळून घेईन. बेअरिंग बिघडायला लागतं तेव्हा आधी बारीक चिरकतं आणि घरघर फार नंतर येते, हे तुला मी काय सांगू. ते बारीक चिरकणं नेमकं माझ्या खड्ड्यात येतं. म्हणजे मी बसवलेलं बेअरिंग नीट बसलंय का, हे मला कळणारच नाही. कळेल तेव्हा सील गेलेलं असेल आणि वरच्या काकू परत गिरणीचं विचारतील. हाताला काही लागत नाही, ड्रमला खेळ नाही, मागं थेंब नाही. पण मी आयुष्यभर यंत्र कानानं पास केलं, हातानं नाही.

आणि गल्लीत बातमी पसरलीय. समोरच्या पाटलांचं मशीन नुसत्या कार्बन ब्रशवर सुरू झालं, मोटारीचे ब्रश झिजून बोटाच्या पेराएवढेही उरले नव्हते. आता कोपऱ्यावरच्या बाई विचारतायत, त्यांच्या बहिणीचंही आहे. रिटायर झाल्यावर खालच्या खोलीत हेच काम करायचं माझ्या मनात होतं, बोर्ड कुणाकडून रंगवायचा तेही ठरलं होतं. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू भागीदारी मागितली असतीस. आता वाटतं, लोकांची बेअरिंगं कुठल्या तोंडानं घ्यायची? ब्रश, पंप, व्हॉल्व्ह, कपॅसिटर हे मीटरवर होतं, त्याला कान लागत नाही. तेवढंच घ्यावं आणि बेअरिंगवाल्याला परत पाठवावं? मग तो कंपनीच्या पोराकडे जाणार आणि साडेअकरा हजार भरणार. का पोरगा ठेवावा हाताखाली, चांगल्या कानाचा? आजकालची पोरं कानात बोंडकं घालून फिरतात, त्यांचा खड्डा माझ्याआधी होईल.

मशीनचा आवाज रेकॉर्ड करून तुला पाठवणार होतो. पण फोन मशीनची घरघर कापून फक्त बोलणं ठेवतो, त्यात संगीताचा "झालं का तुमचं" एवढंच स्वच्छ ऐकू येतं. म्हणून तुलाच यावं लागेल. वहिनींचं ऑपरेशन होऊन त्या चालायला लागल्या की ये. सोनालीची ॲडमिशन झाली का? कुठं? फ्लॅटचा ताबा मिळाला हे कळलं, अभिनंदन, वास्तुशांतीला न बोलावल्याचं नंतर बोलू. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून स्पिनची शेवटची दोन मिनिटं ऐक आणि खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून ठीक आहे म्हणालास, तर तुझ्या तोंडावरून कळेल. तोंड वाचायला मी आता तरबेज झालोय.

तोवर फोन करू नकोस, मेसेज लिही. आणि लिहिताना त्या हसऱ्या चेहऱ्यांऐवजी शब्द वापर.

तुझा,
बाळ्या

ता. क. मोशीच्या फ्लॅटला बोअरचं पाणी असलं तर मशीन गरम पाण्यावर चालवताना हीटरवर क्षार बसतात, अधूनमधून डिस्केल कर. खालून उंदीर शिरायला वाट असेल तर जाळी मार, पावसाळ्यात वायरी खातात. उंदरांसाठी मशीनखाली घालायची मॅट विकायला येतील त्यांच्याकडून घेऊ नकोस, हार्डवेअरच्या दुकानातली बारीक जाळी स्वस्त पडते.