डासांसाठी मासे सोडण्याआधी तळ्याचा काठ पाहा

माननीय संपादक,
स. न.

पावसाळा जवळ आला की ग्वाल्हेरच्या बावड्यांत आणि हौदांत गंबुसिया मासे सोडण्याची मागणी सुरू होते. हा मासा मूळचा अमेरिकेचा, भारतात आणला १९२८ साली. डासांच्या अळ्या तो खातो, पण देशी माशांची अंडी आणि बेडकांची पिल्लेही खातो. एका मादीपासून वर्षभरात तळे भरते, मग त्याला काढणे अशक्य.

अळ्या खाण्याचे हेच काम करणारा अप्लोकायलस पँचॅक्स हा किलीफिश, म्हणजे किलीफिश गटातला छोटा मासा, गंगा-यमुनेच्या खोऱ्यातला आहे, आणि ग्वाल्हेरचे पाणीही शेवटी यमुनेलाच जाते. लांबी साधारण ५-६ सेंटीमीटर. डोक्यावर चांदीसारखा चमकणारा ठिपका असतो, म्हणून बंगालीत त्याला तेचोखा, तीन डोळ्यांचा, म्हणतात. काठावर उभे राहून खाली पाहिले तरी हा ठिपका दिसतो. गंबुसियाला तो नसतो. किलीफिशचे तोंड वर वळलेले, पाठीवरचा पर अगदी शेपटीजवळ आणि त्याच्या बुडाशी काळा डाग. शेवाळ आणि पाणवनस्पती असलेल्या उथळ, संथ पाण्यात तो पृष्ठभागालगत राहतो. अळ्याही तिथेच असतात.

मादी रोज थोडी थोडी अंडी पाणवनस्पतींना आणि मुळांना चिकटवते. ती फुटायला दहा-चौदा दिवस लागतात. आफ्रिकेतल्या काही किलीफिशची अंडी कोरड्या चिखलात महिनोन्‌महिने टिकतात, याची टिकत नाहीत. म्हणूनच सुशोभीकरणात काठ सिमेंटचा झाला किंवा एकाच दिवशी सगळ्या पाणवनस्पती उपसल्या की पुढची पिढी संपते. तळे साफ करायचेच, तर एका वेळी एकच बाजू करावी आणि दुसरीला किमान महिनाभर हात लावू नये.

हौदात ठेवायचा असल्यास २०० लिटरला दोन नर, चार-पाच माद्या पुरेत. नळाचे पाणी आधी चोवीस तास उघडे ठेवावे. मासे आणलेली पिशवी वीस मिनिटे हौदात तरंगत ठेवून, हौदाचे पाणी तिच्यात थोडे थोडे मिसळून मग मासे सोडावेत. वर जाळी हवीच, हा मासा उडी मारतो. मोठे मासे पिल्ले खातात, त्यामुळे अंडी लागलेली वनस्पती वेगळ्या टबात हलवावी. मे महिन्यात हौदावर सावली नसेल तर मासे उन्हाने मरतात. डासांसाठी पाण्यावर जळके तेल ओतू नये. पृष्ठभागावर राहणारा हा मासा त्यात पहिला जातो.

दुकानात मिळणारा सोनेरी किलीफिश मात्र तळ्यात सोडू नये. तो याचा दक्षिणेकडचा भाईबंद, आकाराने मोठा, शिवाय इथला नव्हे.

आपले,
तळ्यांची पाहणी करणारे काही वाचक
लष्कर, ग्वाल्हेर