इटास्काच्या काठी राहण्याविषयी मित्रास पत्र

मिनिआपोलिस

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

जुलै महिन्यात काका-काकूंना घेऊन तू येतो आहेस, हे कळल्यापासून घरात सगळ्यांना फार आनंद झाला आहे. तलावाकाठी केबिन घ्यावी की तंबू ठोकावा, असे तू विचारले आहेस. माझे मत असे की काका-काकूंसाठी स्वयंपाकघर आणि स्नानगृह असलेली केबिन घ्यावी आणि आपण दोघांनी निदान एक रात्र तंबूत काढावी.

ठिकाण मात्र इथल्या मिनेसोटा राज्यातले इटास्का स्टेट पार्क हे उद्यानच असावे, असा माझा आग्रह आहे. येथून गाडीने उत्तरेकडे सुमारे चार तासांच्या अंतरावर असलेल्या तिथल्या इटास्का तलावातून मिसिसिपी नदी निघते. ब्रह्मगिरीवर गोदावरीच्या उगमाशी काकूंनी किती भक्तिभावाने ओंजळ भरली होती, ते आठवते ना? येथे तर नदी तलावातून बाहेर पडते तिथे पाणी जेमतेम गुडघ्यापर्यंत असते आणि मुले-माणसे दगडांच्या रांगेवरून ती ओलांडतात. शेजारच्या ओंडक्यावर कोरले आहे की समुद्रसपाटीपासून 1475 फूट उंचीवरून निघालेली ही नदी 2552 मैल वळणे घेत मेक्सिकोच्या आखाताला मिळते. दगड निसरडे असतात, म्हणून काकूंनी काठावरच्या उथळ पाण्यात पाय बुडवावेत, एवढे पुरे.

या जंगलाविषयी मला विशेष जिव्हाळा वाटतो, कारण ते आपोआप टिकलेले नाही. लाकूडतोडीच्या ऐन भरात, 1891 साली, हे उद्यान स्थापण्याचा कायदा केवळ एका मताच्या फरकाने संमत झाला. पुढे 1903 मध्ये लाकूड कंपनीच्या बांधामुळे तलावाचे पाणी चढून काठची झाडे धोक्यात आली, तेव्हा वडिलांच्या मृत्यूनंतर उद्यानाचा कारभार पाहणारी मेरी गिब्ज ही 24 वर्षांची तरुणी बांधाची दारे उघडा म्हणून तिथे जाऊन उभी राहिली आणि बंदुकीची धमकी मिळूनही मागे हटली नाही. ज्या रेड पाइन वृक्षांखाली आपण तंबू लावू, त्यांच्यातले काही दोनशे वर्षांहून जुने आहेत, आणि ते उभे पाहताना मला तिची फार कृतज्ञतेने आठवण होते.

आता व्यवहाराचे. तंबूच्या प्रत्येक जागेला शेकोटीसाठी लोखंडी कडे आणि लाकडी टेबल असते. स्वच्छतागृहे थोड्या अंतरावर असतात. सरपण घरून नेता येत नाही, कारण त्याबरोबर ॲशच्या झाडांना पोखरणारी कीड जंगलात शिरते. ते तिथे किंवा मान्यताप्राप्त विक्रेत्याकडूनच विकत घ्यावे लागते. काळी अस्वले येतात, म्हणून शेव, लाडू, दूध-साखर, अगदी टूथपेस्टसुद्धा रात्री गाडीत कुलूपबंद ठेवायची, तंबूत काहीही नको. जुलैत डास फार असतात आणि गवतात गोचिडी. लांब बाह्यांचे कपडे सर्वांसाठी घे. रात्री बऱ्यापैकी गारठते, काकांची लोकरी टोपी विसरू नकोस.

तंबूचा आग्रह मी लून या पाणपक्ष्यासाठी धरतो आहे. अंधार पडल्यावर तलावाच्या मध्यावरून त्याची लांबच लांब, आर्त हाक येते आणि पलीकडच्या काठावरून दुसरा त्याला उत्तर देतो. केबिनच्या बंद खिडकीतूनही ती ऐकू येते, पण कापडाच्या एका पडद्याआड पडून ती ऐकणे हे निराळेच सुख आहे, आणि ते तुझ्याबरोबर घ्यावे असे मला मनापासून वाटते.

उन्हाळ्यातील केबिनी काही महिने आधीच भरतात, म्हणून तिकिटे निघाली की तारखा लगेच कळव. तंबू आणि झोपण्याच्या पिशव्या माझ्याकडे आहेत. काकूंना जमिनीलगतच्या पलंगावरून उठायला त्रास होतो का, तेही लिही, म्हणजे त्याप्रमाणे केबिन निवडता येईल.

काका-काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
प्रमोद