तंग पुन्हा एकदा बघ

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राचं उत्तर लांबलं, कारण आम्ही चौघं सहा दिवस घोड्यांवरून डोंगरात भटकत होतो. रात्री तंबूत, दिवसा खोगिरावर. येऊन तीन दिवस झाले, मांड्या अजून ठणकतायत आणि जाकिटाला घोड्याचा वास आहे. ते धुवायला टाकायचं मनच होत नाही.

मुलांना घेऊन असली सुट्टी झेपेल का, असं तू विचारलंस. झेपेल. पण दुसऱ्या दिवशी जे झालं ते आधी सांगतो, वहिनींनाही वाचून दाखव.

खोगीर चढवताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात. तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा खोगिराचा पट्टा, घट्ट बसला असं वाटतं, आणि दहा-पंधरा मिनिटं चाललं की तो सैल पडतो. म्हणून थोडं अंतर गेल्यावर उतरून तो पुन्हा आवळायचा असतो. वाटाड्याने हे बजावून सांगितलं होतं. मी म्हटलं, पुढच्या वळणावर बघू. ते वळण यायच्या आतच चढावर धाकटीचं खोगीर एका अंगाला कलायला लागलं. पोरगी ओरडली नाही. दोन्ही मुठींत आयाळ घट्ट धरून तिने फक्त "बाबा" म्हटलं. घोडी आपणहून थांबली, कान मागे वळवून उभी राहिली, आणि मी धावत जाऊन तिला उतरवलं. काही लागलं नाही. पण माझे हात कितीतरी वेळ थरथरत होते. त्यानंतर रोज तंग धाकटीच तपासायची, पट्ट्याखाली बोटं घालून, आमच्या सगळ्यांचे.

बाकी तयारी सोपी आहे. हेल्मेट, लांब पँट, थोडी टाच असलेले बूट म्हणजे पाय रिकिबीत अडकत नाही. आणि सामान कमी. स्वार, खोगीर नि ओझं मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांवर जाऊ नये, म्हणजे ४०० किलोच्या घोड्यावर ८० किलो. या हिशोबात माझी अर्धी बॅग घरीच राहिली आणि तिची एकदाही आठवण आली नाही.

मुक्कामाला पोचलं की आपला चहा नंतर, आधी घोडे. मला सगळ्यात जास्त हेच आवडलं. एक घोडा दिवसाला सहज २० ते ४० लिटर पाणी पितो, आणि ऊन असेल तर त्याहून जास्त. त्यांना थेट झाडाला बांधत नाहीत, खुरांनी मुळं उघडी पडतात आणि दोर घासून साल निघते. दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळून मध्ये उंच दोर ताणायचा आणि त्याला दावण लावायची, तीही ओढ्यापासून निदान ६० मीटर लांब. थोरला, जो घरी स्वतःचं ताट उचलत नाही, तो रोज संध्याकाळी घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसायचा. खूर साफ करायची आकडी टाचेकडून पुढे ओढत चिखल काढायचा, खुराच्या मधल्या मऊ त्रिकोणाला धक्का लागू न देता. एकदा खाचेतून बोटाच्या पेराएवढा खडा निघाला. तो त्याने खिशात ठेवलाय.

घोडा उभ्या-उभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं आणि निर्धास्त वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. पाचव्या रात्री मला जाग आली तेव्हा धाकटी तंबूची चेन थोडी उघडून बाहेर बघत होती. तिची घोडी दावणीखाली पाय दुमडून आडवी झाली होती, शेजारचा घोडा उभा राहून राखण करत होता. "बाबा, ती झोपली," ती इतकंच कुजबुजली. आम्ही दोघं थंडीने काकडेपर्यंत तिथेच बसून होतो.

तुझं घोडं कुठे पेंड खातं ते मला ठाऊक आहे, रजा. सहा जमत नसतील तर तीन दिवस काढ. पुढच्या सुट्टीत दोन्ही कुटुंबं मिळून जाऊ. मुलांच्या परीक्षा कधी संपतात ते लगेच कळव.

तुझाच,
मित्र