मुलांच्या नावाचा घोळ दहावीच्या फॉर्मआधीच मिटवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलांबद्दल हल्ली पेपरात बरंच येतं, अमेरिकेचा व्हिसा कडक झाला, ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाची फी २००० ऑस्ट्रेलियन डॉलर केली, कॅनडाने बँकेत दाखवायची रक्कम वाढवली वगैरे. ते सगळं खरंय आणि छापायलाच हवं. पण मी ज्या मुलांना अडकताना बघतो ती यातल्या कशामुळे अडकत नाहीत, ती आपल्याच कागदांवरच्या आपल्याच नावामुळे अडकतात आणि त्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी उपनगरातल्या एका मराठी शाळेत क्लार्क होतो, आता रिटायर आहे, भांडुपला राहतो. आसपासच्या चाळीतली, सोसायटीतली मुलं पासपोर्टचे आणि व्हिसाचे फॉर्म भरायला माझ्याकडे येतात, त्यांच्या घरातलं कोणी याआधी विमानात बसलेलं नसतं, आईवडिलांना इंग्रजी फॉर्मची धास्ती असते आणि एजंटकडे जायचं तर तो पहिल्या दिवशीच पैसे मागतो. फॉर्म भरणं खरं तर अवघड नाही. अवघड असतं ते समोर टेबलावर सगळे कागद पसरून बसल्यावर, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं मार्कशीट, आधार, पॅन, डिग्री, आणि सहा कागदांवर नाव तीन तऱ्हेचं निघतं.

आता हे होतं कसं ते सांगतो कारण मी ते शाळेच्या ऑफिसात बसून वर्षानुवर्षं बघितलंय. मराठी शाळेचं जनरल रजिस्टर मराठीत असतं. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, सगळं देवनागरीत. इंग्रजी स्पेलिंगचा प्रश्नच येत नाही. ते स्पेलिंग पहिल्यांदा लागतं ते बोर्डाच्या फॉर्मला, आणि त्या दिवशी ते कोण ठरवतं तर वर्गशिक्षक नाहीतर क्लार्क, त्यांना जसं सुचेल तसं. दीपकला डबल ई की आय, लक्ष्मीला के एस एच की एक्स, श्रीकांतमध्ये एच आहे की नाही, घरी कोणी विचारत नाही आणि घरचेही कोणी सांगायला येत नाहीत. आता शाळांना मुलांची माहिती सरकारच्या यु-डायस पोर्टलवर आधारप्रमाणे भरावी लागते हे चांगलंच आहे, पण मग आधार काढताना कॅम्पातल्या ऑपरेटरने घाईत जे टाइप केलं तेच पुढे सगळीकडे जातं. वडिलांच्या नावाची तर वेगळीच गंमत नाही, डोकेदुखी आहे. जन्मदाखल्यावर सुरेश, शाळेत आजोबांनी नाव घातलं म्हणून सुरेशराव, पॅनवर नुसतं एस.

आणि क्रम. आपल्या एसएससी बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टच्या फॉर्मवर मात्र दोनच रकाने आहेत, एक गिव्हन नेम आणि एक सरनेम, मधल्या नावाला वेगळी जागाच नाही, वडिलांचं नाव घालायचं असेल तर ते गिव्हन नेमच्याच रकान्यात मुलाच्या नावानंतर लिहायचं. समजा मार्कशीटवर पाटील अमोल सुरेश असं छापलंय. परदेशातल्या युनिव्हर्सिटीत बसलेला माणूस शेवटचा शब्द आडनाव धरतो, म्हणजे त्यांच्या हिशोबाने हा मुलगा मिस्टर सुरेश. मग त्या नावाने ऑफर लेटर येतं, पासपोर्टवर आडनाव पाटील असतं, आणि तिथून ईमेलांची रांग लागते. ज्यांनी सरनेमचा रकाना रिकामाच सोडलाय त्यांचं तर अमेरिकेच्या व्हिसावर सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी एफएनयू अशी तीन अक्षरं छापून येतात, फर्स्ट नेम अननोन, मग तिकडे बँक खातं उघडताना, लायसन्स काढताना प्रत्येक ठिकाणी त्याचा खुलासा करत बसा.

व्हिसाच्या कागदात सगळं पासपोर्टवरच्या नावाला बांधलेलं असतं हे आईवडिलांनी समजून घ्यायला हवं. अमेरिकेच्या कॉलेजकडून येणारा आय-२० हा प्रवेशाचा कागद पासपोर्टवरच्या नावानेच लागतो, व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म पासपोर्टप्रमाणेच भरायचा, आयईएल्टीएस किंवा टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांना बुकिंगचं नाव आणि पासपोर्ट जुळला नाही तर परीक्षेला बसायलाच अडचण. ब्रिटनच्या कॅसवर (प्रवेश पक्का झाल्याचा युनिव्हर्सिटीचा कागद, व्हिसाला तो लागतो) पासपोर्टचा नंबर असतो, म्हणजे मधेच नाव दुरुस्त करून नवा पासपोर्ट काढलात की युनिव्हर्सिटीला कळवून तो नंबर बदलून घ्या. शिवाय ब्रिटनला पैसे वडिलांच्या खात्यात दाखवले (ते सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात) तर नातं सिद्ध करायला जन्मदाखला लावावा लागतो, आणि जन्मदाखल्यावरचे वडील सुरेश व बँकेतले सुरेशराव असले तर तिकडच्या ऑफिसरला हा एकच माणूस आहे हे कशावरून कळणार? त्याचा काही दोष नाही, त्याला आपली राव लावायची पद्धत माहीत नसते.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलीचं सांगतो. इंजिनीअर, फार हुशार, जर्मनीला मास्टर्सला जायचं होतं. जर्मनीचं असं आहे की नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या मुलांना व्हिसाआधी एपीएस सर्टिफिकेट लागतं, म्हणजे तुमची मार्कशीटं, डिग्री खरी आहेत का ते तपासून घेतात. तिच्या दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव रावसकट, पासपोर्टवर रावशिवाय, आणि डिग्रीवर तिच्या स्वतःच्याच नावाचं स्पेलिंग वेगळं. त्या तपासणीत नाव का जुळत नाही असं विचारल्यावर ती कॉलेजात गेली, कॉलेज म्हणालं आधी दहावीचं दुरुस्त करून आणा आम्ही त्याच्यावरून करतो, बोर्डात सांगितलं शाळेमार्फत प्रस्ताव पाठवा, आणि शाळा तोवर पटसंख्येअभावी बंद होऊन रजिस्टर दुसऱ्या शाळेत गेलेलं. ते रजिस्टर कपाटातून काढून द्यायला तिथल्या ऑफिसने इतके दिवस लावले की ऑक्टोबरचं सेमिस्टर गेलं. ती नंतर गेली, एप्रिलच्या सेमिस्टरला, पण मधल्या काळात वडिलांनी घेतलेल्या लोनची सगळी प्रोसेस परत करावी लागली आणि त्या घरात रोज कोणीतरी कोणावर तरी चिडलेलं असायचं, ते मी शेजारून बघितलंय. तिची चूक काय होती? पंधरा वर्षांची असताना कोणीतरी भरलेला एक फॉर्म.

लोक म्हणतात अ‍ॅफिडेव्हिट करा, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीकडून लिहून घ्या. ते बऱ्याचदा चालतं, काही वेळा नाही चालत, आणि चालेल की नाही हे कागद पाठवल्यावरच कळतं. चर्नी रोडच्या सरकारी प्रेसमधून गॅझेट करून घेणं जास्त पक्कं, पण गॅझेट म्हणजे नाव बदलल्याची नोंद, जुनं मार्कशीट त्याने आपोआप बदलत नाही, ते परत बोर्डाकडेच.

म्हणून माझं सगळ्या पालकांना कळकळीचं सांगणं आहे की मूल नववीत असतानाच जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर एकत्र ठेवून बघा. शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते, हेडमास्तर कागद बघून पुढची कारवाई करू शकतात, एकदा शाळा सुटली की प्रत्येक अक्षरासाठी वरच्या ऑफिसची परवानगी लागते. जन्मदाखल्यावर मुलाचं नावच नसेल (महापालिकेच्या जुन्या दाखल्यांवर ती जागा कोरी असलेली मी खूप बघितलीत) तर जन्माची नोंदणी झाल्यापासून १५ वर्षांपर्यंत ते घालून घेता येतं, वॉर्ड ऑफिसात जा आणि ते आधी करा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालणार आहे, शाळेचा दाखला नाही, पॅन नाही, त्यामुळे त्या पालकांनी आजच तो कागद काढून एकेक अक्षर वाचावं.

पासपोर्टसुद्धा ऑफर लेटर येईपर्यंत थांबू नका. १५ ते १८ वयाच्या मुलांनाही पूर्ण दहा वर्षांचा पासपोर्ट घेता येतो, ३६ पानांचा साधा पासपोर्ट १५०० रुपयांत होतो, तात्काळला वर २००० भरावे लागतात. ते २००० वाचवा हे तर आहेच, पण मुख्य म्हणजे बारावीच्या सुट्टीत निवांत काढलेल्या पासपोर्टमध्ये चूक निघाली तर दुरुस्तीला वेळ असतो. पासपोर्टच्या सरकारी साइटच्या पत्त्यात शेवटी जीओव्ही डॉट इन असतंच, तसं दिसणाऱ्या खोट्या साइटवर पैसे भरलेली माणसं माझ्याकडे आलीत. मालाड, अंधेरी, ठाणे, जे सेंटर जवळ पडेल तिथे अपॉइंटमेंट घ्या आणि ओरिजिनल सगळी बरोबर न्या. आतमध्ये ए, बी, सी असे काउंटर असतात, ए काउंटरला फोटो आणि बोटांचे ठसे घेतात आणि तिथेच तुमचं नाव स्क्रीनवर दाखवतात. तेव्हा मुलाला म्हणावं मान डोलावू नकोस, वाच. स्क्रीनवरचं प्रत्येक अक्षर मार्कशीट हातात धरून वाच. दोन मिनिटं लागतात आणि मागे रांग असली तरी तिथला स्टाफ वाचू देतो, माझा तसाच अनुभव आहे.

व्हिसाचे नियम आपल्या हातात नाहीत. २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी अमेरिकेने विद्यार्थ्यांच्या नव्या इंटरव्ह्यूच्या तारखा देणंच थांबवलं, जूनमध्ये परत सुरू केलं आणि सोशल मीडिया अकाउंट पब्लिक ठेवा असं सांगितलं, त्या दिवसांत बीकेसीच्या कॉन्सुलेटची तारीख मिळावी म्हणून मुलं रात्ररात्र मोबाइल घेऊन बसली होती. तारखा सुटल्या तेव्हा ज्यांचं सगळं तयार होतं त्यांनी बुक केल्या. ज्यांचा आय-२० नावाच्या दुरुस्तीत अडकला होता ती बघत राहिली. सेव्हिसचे (अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवतात त्याची फी) ३५० डॉलर, व्हिसाचे १८५ डॉलर, आपल्याकडच्या घरात ही रक्कम छोटी नसते, आणि व्हिसा नाकारला तर व्हिसाची फी परत मिळत नाही, तेव्हा निदान आपल्या बाजूचा कागद तरी साफ असायला हवा.

आता सरकारबद्दल. राज्य सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायचा निर्णय घेतला, मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निर्णय उत्तम आहे, आईचं नाव कागदावर यायलाच हवं होतं, मी त्याचं मनापासून स्वागत करतो. पण पासपोर्टला रकाने दोनच आहेत, मग ही चार शब्दांची नावं तिथे कशी लिहायची, गिव्हन नेममध्ये तीन शब्द घालायचे की एकच, हे जन्मनोंदणी करणाऱ्या आईबापाला हॉस्पिटलात किंवा वॉर्ड ऑफिसात कोणीतरी सांगायला हवं. एका घरात तीन घातले, दुसऱ्या घरात एक घातला, असं झालं तर आज जो घोळ तीन शब्दांचा आहे तो उद्या चार शब्दांचा होईल. ही मुलं २०३० मध्ये पहिलीत जातील. तोवर शिक्षण खात्याने आणि पासपोर्ट ऑफिसने बसून एक पद्धत ठरवावी आणि साध्या मराठीत एक पान छापून प्रत्येक जन्मदाखल्याबरोबर द्यावं.

बोर्डाकडे माझी मागणी एकच आहे. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आणि बाकीचं नाव पासपोर्टसारखं वेगवेगळ्या रकान्यात छापा. सगळं एका ओळीत छापून वर आडनाव आधी असं बारीक लिहिलेलं परदेशात कोणी वाचत नाही. आणि ज्या शाळा बंद झाल्यात त्यांची रजिस्टरं कुठे ठेवलीत याची यादी वेबसाइटवर टाका, मुलाने शोधत फिरायचं कुठवर.

बोर्डाचे फॉर्म भरून झाले की शाळेकडे तपासणीसाठी प्री-लिस्ट येते, तिच्यावर मुलाची सही घेतात. मुलं ती मधल्या सुट्टीत, डबा खाताखाता, न वाचता करून टाकतात. पालकांनी ती यादी शाळेत जाऊन स्वतः बघावी, क्लार्क नाही म्हणणार नाही, आणि म्हणालाच तर हेडमास्तरांकडे जावं. जाताना जन्मदाखला आणि आधार दोन्ही न्यावं.

आपला,
एक निवृत्त शाळा क्लार्क,
भांडुप, मुंबई