प्राण्यांची अक्कल मुलांच्या वयात का मोजता?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्राण्यांच्या बुद्धीविषयी बातमी आली की तिच्यात एक वाक्य ठरलेले असते : अमुक प्राणी तीन वर्षांच्या मुलाइतका हुशार आहे. वाचताना गंमत वाटते, पण त्यातून त्या प्राण्याविषयी काहीच कळत नाही.

मुलाइतका म्हणजे कशात? नटक्रॅकर हा कावळ्याच्या कुळातला पक्षी पाइनच्या हजारो बिया ठिकठिकाणी पुरून ठेवतो आणि कित्येक महिन्यांनी नेमक्या जागी चोच घालून त्या काढतो. मुलाचे सोडाच, मोठ्या माणसाला तरी हे जमेल का? जपानमधल्या आयुमु या चिंपांझीने क्षणभर दिसून झाकल्या गेलेल्या अंकांच्या जागा चढत्या क्रमाने दाखवताना विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मागे टाकले होते. हा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे भरपूर सराव केलेल्या माणसांनी त्याची बरोबरी केली, पण हे सहसा छापून येत नाही.

आरशाच्या चाचणीचेही असेच. १९७० मध्ये गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींना भूल देऊन चेहऱ्यावर रंगाचा डाग लावला. शुद्धीवर आल्यावर आरशात पाहून त्यांनी तो चाचपला. तेव्हापासून आरसा हीच आत्मभानाची कसोटी होऊन बसली आणि कुत्रा तिच्यात नापास ठरला. पण कुत्र्याचे जग वासाचे! अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी कुत्र्यांपुढे त्यांच्याच लघवीचा वास ठेवला. त्यात दुसरा वास मिसळला, तेव्हा कुत्रे तो अधिक वेळ हुंगत राहिले. एवढ्यावरून कुत्र्याला आत्मभान आहे असे म्हणता येणार नाही. मात्र आधीची परीक्षा आपल्या डोळ्यांच्या सोयीने घेतली होती, हे नक्की. उलट २०१९ मध्ये क्लीनर रास या बोटभर माशाने आरशात पाहून अंगावरचा डाग घासून काढण्याचा प्रयत्न केला आणि शास्त्रज्ञांत वाद पेटला.

माणसाचे वेगळेपण मी नाकारत नाही. व्याकरण असलेली भाषा, लेखन, आधीच्या पिढीच्या ज्ञानात भर घालत जाणे, यात कोणताही प्राणी आपल्या जवळपासही नाही. म्हणून बाकीचे सगळे एकाच शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर उभे आहेत, असे मात्र ठरत नाही.

तेव्हा अशा बातमीत मुलाचे वय देण्याऐवजी प्रयोग कसा केला, किती प्राण्यांवर केला आणि त्यांच्या कोणत्या इंद्रियाची परीक्षा घेतली, एवढे जरूर छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक