नावं खुर्च्यांच्या मागे गेलीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हे पत्र आपल्या जिल्ह्यातल्या हुतात्मा स्मारकांबद्दल आहे, पण सुरुवात अमृतसरपासनं करते. गेल्या महिन्यात आम्ही घरची पाच जणं तिथं जाऊन आलो. साताऱ्यातनं गोवा एक्स्प्रेसने दिल्ली आणि तिथनं पुढं. सुवर्णमंदिर बघायचं, लंगरमध्ये जेवायचं एवढंच डोक्यात होतं, जालियनवाला बाग तिथनं चालत पाच-सात मिनिटांवर आहे तर जाताजाता बघून घेऊ असं ठरलेलं. पण आत गेल्यावर मी दोन तास तिथनं हललेच नाही, बाकीचे बाहेर लस्सी पिऊन परत आले तरी मी आतच.

आत जायला एक अरुंद बोळ आहे. याच बोळातनं १३ एप्रिल १९१९ ला डायर शिपाई घेऊन आत आला, त्याच्या चिलखती गाड्या बोळ अरुंद म्हणून बाहेर राहिल्या, नाहीतर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो. आमचे हे १९९८ साली युनियनच्या कामाला गेले असताना त्यांनी हा बोळ बघितलेला, तेव्हा दोन्हीकडं नुसत्या साध्या विटांच्या भिंती होत्या म्हणे. २०२१ च्या नूतनीकरणात आता भिंतींवर माणसांची शिल्पं बसवलीत. खरं सांगायचं तर मला ती आवडली नाहीत, लोक तिथंच फोटो काढत थांबतात आणि आपण कुठल्या वाटेनं आत चाललोय हे विसरून जातात. साधी भिंतच बरी होती.

पुढं एका भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत, विटेत खड्डा पडलेला आणि त्याभोवती पांढरी चौकट काढलेली. काही डोक्याच्या वर, काही बरोबर छातीच्या उंचीला. माझी भाची एका खुणेशी बोट नेऊन थांबली, हात लावला नाही, मागं घेतला. दहा मिनिटं गोळीबार चालला आणि १६५० फैरी झाडल्या. बाहेर पडायच्या वाटा चिंचोळ्या, काही बंद, मग लोकांनी विहिरीत उड्या टाकल्या, त्या विहिरीतनं १२० प्रेतं काढली असा तिथं फलक आहे. सरकारी आकडा मेलेल्यांचा ३७९, त्यात ४१ मुलगे आणि सहा आठवड्यांचं एक बाळ. काँग्रेसच्या चौकशी समितीनं मात्र हजाराच्या आसपास माणसं गेली असं म्हटलं, त्या समितीत गांधीजींबरोबर आपले बॅ. मु. रा. जयकर पण होते.

त्या समितीपुढं रतनदेवी नावाच्या बाईंनी जबानी दिली होती ती मी आधी वाचलेली, त्यामुळं मैदानात उभं राहिल्यावर तीच डोळ्यापुढं येत राहिली. नवरा मरून पडलेला, आठनंतर कर्फ्यू, प्रेत उचलायला कुणी यायला तयार नाही, तर ती बाई रात्रभर तिथंच बसली, कुत्री येतील म्हणून हातात बांबूची काठी घेऊन. शेजारी बारा वर्षांचा एक पोरगा कण्हत होता, मला सोडून जाऊ नका म्हणत होता, त्यानं पाणी मागितलं तर तिथं पाणी नव्हतं. ३७९ का १००० हे वाद इतिहासकारांनी घालावेत, माझ्या मनात ती काठी आणि तो पोरगा राहिला. म्हणजे आकडा नाही, माणूस लक्षात राहतो, आणि त्यासाठीच हे पत्र लिहितेय.

माझं आजोळ खटाव तालुक्यातलं. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरची माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला तेच, तिथं पंड्या आणि बारपटे गेले, तेव्हा वाळवा-तासगाव सगळं सातारा जिल्ह्यातच होतं. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. ती सांगायची की मोर्चाला जाताना लोकांनी फडक्यात भाकरी बांधून नेल्या आणि संध्याकाळी काहींची फडकी तशीच घरी आली, भाकरीसकट. एवढं सांगून ती गप्प व्हायची आणि आम्ही पोरं पुढं विचारायचो नाही. विचारायला हवं होतं.

तर अंतुले मुख्यमंत्री असताना राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधायला घेतली, आपल्या जिल्ह्यातही बरीच आहेत, काही ठिकाणी गावकरी ती फार छान ठेवतात. पण अमृतसरहून आल्यावर भाचीला घेऊन अशाच एका स्मारकावर गेले (गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कुणाला दोष द्यायचा नाहीये) तर कुलूप. समोरच्या पानपट्टीवाल्यानं किल्ली कुणाकडं असते ते घर दाखवलं, ते घर बंद. खिडकीच्या गजातनं बघितलं तर आत मांडवाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या आणि त्यांच्या मागं नावांची शिळा. वरची तीन नावं दिसली, चौथ्याचं नुसतं आडनाव, खालची सगळी खुर्च्यांच्या मागं. भाचीनं विचारलं, "आत्या, हे किती वर्षांचे होते गं?" मला सांगता आलं नाही, कारण शिळेवर वय नाही, गाव नाही, कसे गेले ते नाही.

फार पैसा लागेल असं मी काही मागत नाही. खुर्च्या दुसरीकडं हलवा, किल्ली जवळच्या शाळेत ठेवा, आणि बाहेर पत्र्याचा का होईना एक बोर्ड लावा, प्रत्येकाचं नाव, वय, गाव, घरात मागं कोण होतं ते लिहून. ही माहिती असलेली माणसं आता नव्वदीला आलीत, पुढच्या वर्षी विचारू म्हणायला वेळ नाही. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी, तिघी रिटायर्ड शिक्षिका, घरोघर जाऊन लिहून घ्यायला तयार आहोत. ज्यांच्या घरात बेचाळीसच्या माणसांचा फोटो, पत्र, नुसती आठवण जरी असेल त्यांनी आपल्या पेपरकडं कळवावं आणि आपण ते आमच्यापर्यंत पोचवावं ही विनंती. येत्या ९ सप्टेंबरच्या आत निदान त्या चौथ्या नावाचं वय तरी भाचीला सांगायचंय.

आपली,
एक वाचक, सातारा