अपघात विभागातील एका रात्रीविषयी मित्रास पत्र

अहमदपूर, जि. लातूर
दि. २० जुलै २०२५

प्रिय मित्र दत्तात्रय,
स. न. वि. वि.

तुझे पत्र गुरुवारी हाती पडले. आईच्या प्रकृतीची तू ज्या आपुलकीने चौकशी केली आहेस, तो मजकूर मी तिला वाचून दाखवला आणि तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. ती आता बरी आहे. मात्र सगळे फुकट झाल्यापासून लोक साध्या सर्दी-पडशालाही रात्री मोठ्या दवाखान्यात जातात आणि खरा पेशंट ताटकळत बसतो, असे जे तू लिहिले आहेस, ते माझ्या मनातून जात नाही. महिन्यापूर्वी मीही हेच म्हणालो असतो, किंबहुना त्या रात्री ते मोठ्याने म्हणालोही. म्हणून आज रविवारची सवड काढून सविस्तर लिहितो आहे.

जूनच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. गावाकडे सोयाबीनची पेरणी चालू होती. रात्री आठच्या सुमारास धाकट्या भावाचा फोन आला की, आईला दरदरून घाम फुटला आहे, डोके गरगरते आहे आणि छातीत कसेतरी होते आहे. गावापासून प्राथमिक आरोग्य केंद्र नऊ किलोमीटरवर, आणि तिथले डॉक्टर नेमके एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन तालुक्याला गेलेले. भावाने शेजाऱ्याची जीप काढली, वाटेत मला घेतले आणि मोठ्या सरकारी रुग्णालयात पोहोचेपर्यंत पावणेदहा वाजले. रुग्णालयाचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते एका इमारतीपुरते नाही.

दारातच सिस्टरने नाडी पाहिली, बीपी पाहिले, ते १९० वर ११० निघाले, आणि दहा-पंधरा मिनिटांत ईसीजीही निघाला. डॉक्टरांनी पट्टी पाहिली, रक्त काढून घ्यायला सांगितले, एक गोळी दिली, केसपेपरवर पिवळी चकती चिकटवली आणि ‘इथेच थांबा’ एवढे बोलून ते पुढच्या पेशंटकडे वळले. आमच्याकडे ते पुन्हा आले ते पहाटे तीन वाजता. मधल्या पाच तासांत आम्ही का थांबलो आहोत, हे डॉक्टरांनी सांगितले नाही. आईला ट्रॉलीवर जागा मिळाली होती. मी आणि भाऊ भिंतीला टेकून उभे होतो. समोरच्या बाकावर खोकणारे मूल मांडीवर घेतलेली एक मजूर बाई, मानेवर गळू झालेला एक तरुण आणि साखरेच्या गोळ्या संपल्या म्हणून आलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. अकरा वाजून गेले तेव्हा माझा संयम सुटला, आणि असल्या किरकोळ कामासाठी लोक रात्री इथे येतात म्हणूनच माझ्या आईकडे पाहायला कोणी नाही, असे मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

उत्तर त्या बाईने दिले. “सर, दिवसा आले तर रोज बुडतो. अन् दिवसा लेकराचं अंग गार असतंय, दिवस मावळला की ताप चढतो. मग मी कधी यावं?” तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवे होते आणि माझ्यापाशी ते नव्हते.

त्यानंतर थोड्याच वेळात दोन माणसांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आणला गेला. कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढताना त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला साप चावला होता. हात कोपरापर्यंत सुजला होता आणि मनगटाच्या वर सुती दोरी करकचून बांधलेली होती. बाप ती सोडायला गेला तेव्हा डॉक्टरांनी त्याला थांबवले आणि सलाईन, औषधे, सगळी तयारी होईपर्यंत ती सोडू दिली नाही. मुलाला निजवायला जागा नव्हती. माझी आई ट्रॉलीवर उठून बसली आणि म्हणाली, “मला उतरवा खाली. त्या लेकराला निजवा इथं.” आम्ही तिला बाकावर बसवले.

पुढचा प्रसंग मी अजून विसरू शकलेलो नाही. सिस्टरने मुलाच्या शिरेतून थोडे रक्त काढून काचेच्या एका स्वच्छ, कोरड्या नळीत घातले, ती नळी टेबलाच्या कोपऱ्यावर स्टँडमध्ये उभी केली, चिकटपट्टीवर वेळ लिहून ती नळीला लावली आणि बजावले की वीस मिनिटे तिला कोणीही हात लावायचा नाही. वीस मिनिटांत रक्त गोठले तर ठीक. न गोठता पातळच राहिले, तर घोणस किंवा फुरसे यांच्यासारख्या सापाचे विष रक्तात भिनले आहे असे समजायचे आणि प्रतिविष लगेच चालू करायचे. मुलाचा बाप हात पाठीमागे बांधून त्या नळीसमोर उभा राहिला. तो नळीकडे पाहत होता, मुलाकडे पाहत नव्हता. वीस मिनिटांनी सिस्टरने नळी हलकेच तिरपी केली तेव्हा रक्त पाण्यासारखे काचेवरून ओघळले. दुसऱ्या क्षणी कपाटातून प्रतिविषाच्या बाटल्या बाहेर आल्या. त्या दालनात सर्वांत तातडीचा जो रुग्ण होता, त्यालाही वीस मिनिटे थांबावे लागले होते, कारण ते थांबणे हाच तपासणीचा भाग होता.

आमचे थांबणेही तसेच होते, हे मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून कळले. ती तिथेच सिस्टर आहे. बाराच्या सुमारास तिने मला ओळखले आणि दोन मिनिटे बाजूला घेऊन समजावले. हृदयाच्या स्नायूला इजा झाली असेल तर रक्तात उतरणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाची खूण दिसायला काही तास जातात; म्हणून पहिला ईसीजी चांगला आला तरी काही तासांनी तो पुन्हा काढतात, रक्तही पुन्हा पाहतात, आणि तोवर पेशंटला नजरेसमोर ठेवतात. हे वाक्य दहा वाजता कोणी बोलले असते तर मी त्या बाईला बोललो नसतो. दत्ता, माझी त्या रुग्णालयाबद्दल खरी तक्रार एवढीच आहे, आणि ती लहान नाही. थांबायला लावणाऱ्याने का थांबायचे ते सांगितले पाहिजे.

मग तिने मला खाटा दाखवल्या. त्या दालनात अकरा खाटा होत्या आणि त्यांपैकी सात खाटांवरच्या लोकांची तपासणी संध्याकाळीच पूर्ण झालेली होती. त्यांना भरती करायचे ठरले होते, पण वर वॉर्डात खाट मोकळी नव्हती, म्हणून ते तिथेच पडून होते. सर्पदंशाचा तो मुलगाही, प्रतिविष चालू असताना, पहाटेपर्यंत आईच्या त्या ट्रॉलीवरच होता. गळू झालेल्या तरुणाला डॉक्टरांनी पाच मिनिटांत मोकळे केले, बाईच्या मुलाला दहा मिनिटांत औषध देऊन पाठवले. त्यांनी खाटही अडवली नाही. मी नंतर या विषयावर बरेच वाचले. जगभरच्या अभ्यासात हेच पुन्हा पुन्हा दिसते की, किरकोळ आजाराचे लोक आपत्कालीन विभागाचा फारसा वेळ खात नाहीत. गर्दी तुंबते ती पुढच्या दाराशी, वॉर्डात जागा नसल्यामुळे. तुझी लेक इंग्लंडमधल्या ज्या चार तासांच्या नियमाविषयी लिहिते, तो तिथे २००४ पासून आहे, आणि त्यात डॉक्टर भेटेपर्यंतचा वेळ मोजत नाहीत; रुग्ण घरी जाईपर्यंत किंवा वॉर्डात भरती होईपर्यंतचा मोजतात. तिथेही तो आता पाळला जात नाही, हे ती लिहितेच. पण मोजायचे काय हे त्यांनी बरोबर ओळखले.

आपल्याकडे हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला होता. १९९२ मध्ये बंगालात हकीम शेख नावाच्या शेतमजुराला रेल्वेतून पडून डोक्याला मार लागला. त्याला एकामागून एक सरकारी रुग्णालयांत नेले, आणि कुठे खाट नव्हती, कुठे सोय नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला की, वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि त्याला २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली. या निकालाला एकोणतीस वर्षे होऊन गेली, आणि ‘खाट नाही’ हे दोन शब्द आपल्याकडे अजूनही रोज ऐकू येतात.

फुकटाबद्दल तू लिहिलेस, त्याचे उत्तर तर सोपे आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झाले, हे खरे. पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती. आम्ही गेलो तिथे केसपेपरचे पैसे मी स्वतः भरले आहेत, आणि गर्दी तरीही होती. लोक रात्री येतात कारण सकाळची ओपीडी मजुराच्या कामाच्या वेळेत उघडते आणि कामाच्या वेळेतच बंद होते. तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा सपाट प्रदेशातला निकष आहे. पेरणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत त्या तीस हजारांतले किती जण सकाळी नऊ वाजता रांगेत उभे राहू शकतील, याचा तू विचार कर. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेत दुपारी दोन ते रात्री दहा अशी वेळ ठेवली, ती मला फार योग्य वाटते, पण ते दवाखाने तालुक्याच्या गावी आहेत. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, मात्र ते भरती झाल्यावर; भरती होऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी त्यात बसत नाही.

आणि गोळीवरूनच आईचे सांगतो. पहाटे दोनच्या सुमारास, बाकावर माझ्या खांद्याला टेकून बसलेली असताना, ती हळूच म्हणाली, “बीपीच्या गोळ्या सरून अकरा दिवस झाले. पेरणीच्या घाईत कोणाला सांगू?” ती गोळी गावाशेजारच्या उपकेंद्रात महिनाभराची एकदम आणि विनामूल्य मिळते. अकरा दिवस कोणी तिथे गेले नाही, मीही विचारले नाही. साखरेच्या गोळ्या संपल्या म्हणून आलेल्या ज्या म्हाताऱ्यांना मी बोल लावला होता, त्यांच्यात आणि माझ्या आईत काहीच फरक नव्हता. फरक असलाच तर एवढा की, ते गृहस्थ घाम फुटायच्या आधी आले होते.

तुला किल्लारीचा भूकंप आठवतो ना? ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, विसर्जनाची रात्र संपत आलेली, आणि दुसऱ्या दिवशी लातूरच्या कॉलेजातून आपण दोघे ट्रकमध्ये बसून मदतीला गेलो होतो. जखमींना ओळीने निजवले होते आणि एक वयस्क डॉक्टर, जे सर्वांत मोठ्याने ओरडत होते त्यांना ओलांडून, एका अगदी गप्प पडलेल्या बाईजवळ जाऊन बसले. तुला तेव्हा त्यांचा राग आला होता. ते तुला म्हणाले होते की, जो ओरडतो त्याचा श्वास चालू आहे. नेपोलियनच्या सैन्यातल्या लारे नावाच्या शल्यविशारदाने रणांगणावर जखमींची अशी निवड करायला सुरुवात केली, असे मी अलीकडे वाचले. आज लाल, पिवळ्या, हिरव्या चकत्या त्याच कामासाठी असतात. ते काम दारात बसलेल्या जाणत्या माणसाचे आहे. घरात बसलेल्याने, स्वतः घाबरलेला असताना, आपले दुखणे किरकोळ की गंभीर हे आधी ठरवून मगच यावे, अशी अपेक्षा आपण कशी करतो? माझ्या आईचे दुखणे हृदयाचे नाही, हे कळायला ईसीजी दोनदा काढावा लागला.

हे सगळे मी इतक्या तळमळीने लिहितो आहे, त्याला तुझ्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळी कारण आहेत. वहिनींचा उजवा हात मे महिन्यात रात्री अचानक जड पडला, बोलताना शब्द अडखळले, आणि ‘उगाच गर्दीत भर नको’ म्हणून तुम्ही सकाळपर्यंत थांबलात; सकाळी सगळे ठीक होते, म्हणून गेलाच नाहीत. दत्ता, हे वाचून मी हादरलो. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि आपोआप बरा झालेला असा झटका पुष्कळदा मोठ्या झटक्याआधीची सूचना असतो. असे पुन्हा झाले तर १०८ ला फोन लाव आणि कोण काय म्हणेल याचा विचार करू नकोस. पण त्याआधी, हे पत्र मिळाल्या दिवशीच, वहिनींना डॉक्टरांकडे घेऊन जा.

आमच्या आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीपुढे मी आणि शाळेतले दोन सहकारी एक अर्ज ठेवणार आहोत. पेरणी आणि काढणीच्या महिन्यांत आठवड्यातून दोन दिवस तरी संध्याकाळी सात ते नऊ तपासणी व्हावी, आणि बीपी-साखरेच्या गोळ्या आशाताईंच्या हाती घरपोच मिळाव्यात, एवढ्या दोनच मागण्या आहेत. अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे. सरकारी भाषा तुला माझ्यापेक्षा चांगली येते, तेव्हा दुसरा परिच्छेद नीट करून पाठव. समितीची बैठक ४ ऑगस्टला आहे. वहिनींच्या तपासणीचा निकाल मात्र मला त्याआधी, फोनवरच कळव.

आईचा तुम्हा दोघांना आशीर्वाद.

तुझा,
माधव